लॉरेन्स हॅमंड : त्रिमितीय चष्म्याकडून विजेच्या ऑर्गनकडे

दूरचित्रवाणी संचाबरोबर चष्मा विकत घेण्याची पद्धत भारतात २०१० मध्ये सुरू झाली. पडद्यावरील चेंडू थेट अंगावर येत असल्याचा भास निर्माण करणारे त्रिमितीय संच त्या वर्षी मुंबई-पुण्यापासून रायपूर-भिलाईपर्यंतच्या ग्राहकांना खुणावू लागले. या संचांपैकी अनेकांचा चष्मा हा साध्या रंगीत काचांचा नव्हता. त्यात विद्युतघट होता, संचाकडून येणारे संकेत टिपणारा ग्राहक होता आणि दोन्ही काचा सेकंदाला अनेक वेळा आळीपाळीने काळ्या व पारदर्शक होत होत्या. हे तंत्र जाहिरातींतून नव्या शतकाची देणगी म्हणून सांगण्यात आले. प्रत्यक्षात मात्र पडद्याशी ताळमेळ राखून डोळ्यांपुढे उघडझाप करणारी अशी झडप न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात डिसेंबर १९२२ मध्येच प्रेक्षकांच्या आसनांवर बसविण्यात आली होती. ती बसविणारे अभियंते लॉरेन्स हॅमंड हे पुढे जगाला ज्ञात झाले ते एका वाद्यामुळे. हॅमंड ऑर्गन हे नाव संगीतक्षेत्रात सर्वपरिचित आहे. त्या वाद्याची मुळे त्रिमितीय चित्रपटाच्या एका फसलेल्या प्रयोगापर्यंत पोहोचतात, ही बाब मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते.

हॅमंड यांचा जन्म ११ जानेवारी १८९५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोनजीकच्या इव्हॅन्स्टन येथे झाला. वडील विल्यम हॅमंड हे शिकागोतील एका मोठ्या बँकेचे उच्च पदाधिकारी होते. डिसेंबर १८९६ मध्ये ही बँक बुडाली. ठेवीदारांचा रोष आणि चौकशीचा ससेमिरा असह्य होऊन विल्यम हॅमंड यांनी जानेवारी १८९७ च्या पहिल्या आठवड्यात आत्महत्या केली. त्या वेळी लॉरेन्स अवघ्या दोन वर्षांचे होते. आई आयडिया हॅमंड या चित्रकार होत्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी मुलांसह युरोप गाठला. जिनिव्हा, ड्रेस्डेन आणि पॅरिस या शहरांत लॉरेन्स यांचे बालपण गेले. चौदाव्या वर्षी कुटुंब इव्हॅन्स्टनला परतले, तेव्हा फ्रेंच आणि जर्मन या दोन्ही भाषा त्यांना अस्खलित अवगत होत्या.

मोटारगाडीचे गिअर आपोआप बदलावेत यासाठीचा एक आराखडा त्यांनी याच किशोरवयात तयार केला. आईच्या सांगण्यावरून तो फ्रान्समधील रेनॉल्ट कंपनीच्या अभियंत्यांपुढे ठेवण्यात आला आणि नाकारला गेला. पुढे कॉर्नेल विद्यापीठातून १९१६ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर ते फ्रान्समध्ये होते. युद्धानंतर डेट्रॉइट येथील ग्रे मोटर कंपनीत ते मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. नोकरी चांगली होती, परंतु फावल्या वेळात त्यांनी चावीच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येणार नाही अशी रचना शोधली. तिच्या विक्रीतून आलेल्या पैशावर नोकरी सोडून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते.

न्यूयॉर्कमधील या दिवसांत त्यांनी हाती घेतलेला विषय म्हणजे चित्रपटाला खोली देणे. माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून काही अंतरावर असल्याने प्रत्येक डोळ्याला समोरचे दृश्य किंचित निराळे दिसते आणि मेंदू या दोन प्रतिमांच्या मिलाफातून अंतराचा अंदाज बांधतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व सिद्ध करून दाखविले होते. दोन छायाचित्रे शेजारी शेजारी चिकटविलेली जाड कार्डे आणि ती पाहण्याचे दोन भिंगांचे यंत्र हे एकोणिसाव्या शतकात घरोघरीचे करमणुकीचे साधन बनले. परंतु यंत्राला डोळे लावून एका माणसाने कार्ड पाहणे निराळे आणि एकाच पडद्यासमोर बसलेल्या शेकडो माणसांच्या डाव्या डोळ्याला एक आणि उजव्या डोळ्याला दुसरी प्रतिमा पोहोचविणे निराळे. पडदा एकच, प्रतिमा दोन, हा खरा पेच होता.

लाल आणि हिरव्या किंवा निळ्या काचांचा चष्मा हा त्यावरील एक उपाय होता व तो त्या काळीही माहीत होता. त्यात चित्राचे नैसर्गिक रंग नाहीसे होतात आणि डोळे लवकर थकतात. दुसरा मार्ग असा, की पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याच्या प्रतिमा एकापाठोपाठ एक अशा अतिशय वेगाने दाखवाव्यात. डावी प्रतिमा पडद्यावर असताना प्रेक्षकाचा उजवा डोळा झाकला जावा आणि उजवी प्रतिमा असताना डावा. डोळ्यांवर प्रतिमेचा ठसा क्षणभर टिकत असल्याने मधला अंधार जाणवत नाही. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मांडली गेली होती. मांडणे सोपे होते. प्रत्येक प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे एक झडप, आणि त्या सर्व झडपा प्रक्षेपकाशी सेकंदाच्या अल्पांशाचाही फरक न पडता जुळलेल्या, हे घडवून आणणे कठीण होते.

हॅमंड यांनी यासाठी शहराच्या वीजपुरवठ्यालाच ताल देणारा मानले. घरोघरी येणारा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलतो. या प्रवाहाच्या आवर्तनांशी जखडून फिरणाऱ्या मोटरला सिंक्रोनस मोटर म्हणतात. अशा दोन, दहा किंवा हजार मोटरी एकाच प्रवाहावर जोडल्या तर त्या सर्व एकाच गतीने फिरतात. त्यांच्यामध्ये दांडा, पट्टा किंवा साखळी यांची गरज राहत नाही. हॅमंड यांनी प्रक्षेपकाची झडप आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढील फिरती झडप या दोन्हींना हेच तत्त्व लावले. त्यांचे सहकारी विल्यम कॅसिडी यांच्यासमवेत त्यांनी या पद्धतीला टेलीव्ह्यू असे नाव दिले.

न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील सेल्विन थिएटरमध्ये २७ डिसेंबर १९२२ रोजी टेलीव्ह्यूचा जाहीर खेळ झाला. प्रत्येक आसनाच्या हातावर वाकविता येणारी एक नळी बसविलेली होती आणि तिच्या टोकाला पाहण्याचे यंत्र होते. प्रेक्षकाने ते आपल्या चेहऱ्यासमोर ओढून घ्यायचे, आत मोटरची हलकी घरघर चालू असायची आणि दोन खिडक्यांमधून पडद्याकडे पाहायचे. चष्मा डोक्यावर चढविण्याऐवजी आसनाला जोडलेला होता, एवढाच आजच्या चष्म्याशी त्याचा मुख्य फरक. पडद्याशी संवाद राखणारा चष्मा या अर्थाने दोहोंचे कुळ एकच.

कार्यक्रमात स्थिर त्रिमितीय चित्रे होती, प्रवासदृश्ये होती आणि शेवटी एक पूर्ण लांबीचा कथापट होता. एम.ए.आर.एस. हे त्याचे नाव. मंगळावरील रहिवाशांशी रेडिओद्वारे संपर्क साधल्याचे स्वप्न पाहणाऱ्या एका संशोधकाची ही कथा. रॉय विल्यम नील यांनी तिचे दिग्दर्शन केले होते आणि ग्रँट मिचेल यांची त्यात प्रमुख भूमिका होती. पडद्यावरील खोलीच्या परिणामाचे समीक्षकांनी कौतुक केले. मात्र त्रिमितीय खेळ केवळ काही आठवडे चालला आणि जानेवारी १९२३ मध्ये बंद झाला. कथापट नंतर रेडिओ-मेनिया या नावाने साध्या, सपाट स्वरूपात अन्यत्र दाखविण्यात आला.

अपयशाचे कारण तंत्रात नव्हते. एका नाट्यगृहातील प्रत्येक आसनावर मोटर, झडप आणि तारा बसवायच्या, जोडीने चालणारे दोन प्रक्षेपक ठेवायचे, प्रत्येक चित्रपट दोन फितींवर चित्रित करायचा आणि हे सर्व करूनही दाखवायला हाताशी कथापट एकच. दुसऱ्या शहरातील थिएटरमालकाने हा खर्च का करावा, याला उत्तर नव्हते. त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटासाठी विजेच्या कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करीत होती आणि ती भारतीय चित्रपटसृष्टीतील नवलाई मानली गेली. हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्येक खुर्चीला मोटर जोडण्याची कल्पना किती काळापुढची आणि किती महागडी होती याचा अंदाज येतो.

टेलीव्ह्यूच्या कार्यक्रमातील एक भाग मात्र हॅमंड यांच्या पदरात पैसा टाकून गेला. त्या भागात पडद्यामागे नर्तक उभे राहत आणि त्यांच्या सावल्या पडद्यावर पडत. सावल्या दोन निरनिराळ्या जागी ठेवलेल्या दिव्यांनी पाडल्या, तर डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन वेगळ्या सावल्या मिळतात आणि सावलीच पडद्यातून बाहेर येऊन प्रेक्षकांमध्ये वावरू लागते. येथे यांत्रिक झडपेची गरज नव्हती. एक दिवा लाल, दुसरा हिरवा आणि प्रेक्षकांच्या हाती तशाच रंगांचा कागदी चष्मा दिला की काम भागत होते. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध नाट्यनिर्माते फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांनी आपल्या झिगफेल्ड फॉलीज या नृत्यनाट्य कार्यक्रमात हा प्रकार समाविष्ट केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्यांना सावलीच्या सामर्थ्याविषयी वेगळे सांगायला नको. हॅमंड यांनी त्या जुन्या कलेत आणखी एका दिव्याची भर घातली इतकेच म्हणता येईल, पण त्यातून मिळालेल्या रकमेमुळे पुढील संशोधन चालू राहिले.

यानंतरची काही वर्षे हॅमंड यांचे मन एका गोष्टीत स्थिर राहिले नाही. रेडिओसंच त्या काळी विद्युतघटांवर चालत. घरातील वीजप्रवाहावर संच चालविण्यास मदत करणारे एक उपकरण त्यांनी १९२५ च्या सुमारास तयार केले. ते खपले, परंतु थेट घरगुती विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येताच त्याची गरज संपली. हातात उरली ती टेलीव्ह्यूसाठी घडविलेली सिंक्रोनस मोटर. झडप जर वीजप्रवाहाच्या तालावर बिनचूक फिरू शकते, तर घड्याळाचे काटे का फिरू नयेत, या विचारातून शिकागो येथे १९२८ मध्ये हॅमंड क्लॉक कंपनीची स्थापना झाली.

विजेवर चालणाऱ्या अशा घड्याळांचा पाया हेन्री वॉरन यांनी आधीच घातला होता. वीज कंपन्यांनी प्रवाहाची आवर्तने काटेकोरपणे राखावीत, यासाठी त्यांनी पाठपुरावा केला होता. वॉरन यांची घड्याळे आपोआप सुरू होत. हॅमंड यांच्या घड्याळाला मात्र मागील बाजूचे बटण बोटांनी फिरवून प्रथम गती द्यावी लागे. ही उणीव वाटेल, पण वीज जाऊन परत आल्यावर चुकीची वेळ दाखवीत चालत राहण्यापेक्षा घड्याळ बंद पडलेले बरे, असा त्यात सोयीचा भागही होता. वारंवार वीज खंडित होण्याचा अनुभव असलेल्या भारतीय वाचकांना हा युक्तिवाद चटकन पटावा.

येथे भिलाईचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्यात आलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाई पोलाद कारखान्याने या परिसरात देशाच्या सर्व भागांतील कामगार व अभियंत्यांना आणून वसविले. त्यांत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. या नगरीतील दिवे, पंखे आणि कारखान्याची अजस्र यंत्रे ज्या प्रवाहावर चालतात त्याची आवर्तने सेकंदाला ५० असतात. अमेरिकेत ती ६० असतात. शिकागोत बनलेले हॅमंड घड्याळ भिलाईतील एखाद्या घरात जोडले, तर व्होल्टतेची सोय करूनही ते तासाला दहा मिनिटे मागे पडेल. यंत्रात दोष नसेल. ज्या तालावर ते बांधले, तोच येथे निराळा आहे.

हॅमंड यांची घड्याळे आरंभी उत्तम खपली. परंतु १९२९ च्या शेअर बाजारातील कोसळीनंतर महामंदी आली आणि त्याच वेळी विजेच्या घड्याळांचे अनेक प्रतिस्पर्धी उत्पादक बाजारात उतरले. किमती घसरल्या. कारखाना आणि त्यातील कामगार टिकवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. बँकेच्या दिवाळखोरीने वडील गमावलेल्या माणसासमोर आता त्याची स्वतःची कंपनी डबघाईला येण्याची वेळ होती. १९३२ मध्ये हॅमंड यांनी पत्ते आपोआप पिसून चार खेळाडूंना वाटणारे ब्रिजचे विजेचे टेबल बाजारात आणले. नाताळच्या हंगामात त्याची चांगली विक्री झाली आणि कंपनीला थोडा श्वास घेता आला. मंदीत पोळलेल्या देशात पत्ते वाटणारे टेबल विकले जावे, हा बाजाराच्या लहरीपणाचा नमुनाच होता. ती लहर अर्थातच फार काळ टिकली नाही.

कारखान्यात अचूक गतीने फिरणारी मोटर होती आणि तिच्यासाठी काम हवे होते. ध्वनी म्हणजे ठरावीक वेगाने होणारे कंपन. अचूक वेगाने फिरणाऱ्या चाकापासून अचूक स्वर मिळविता आला पाहिजे. हॅमंड यांनी एक जुना पियानो विकत घेतला, त्यातील पट्ट्यांखेरीज बाकी सर्व काढून टाकले आणि प्रयोगांना आरंभ केला. ते स्वतः वादक नव्हते. कंपनीतील सहायक कोषाध्यक्ष डब्ल्यू. एल. लेही हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत. आवाज योग्य वाटतो किंवा नाही याचा कौल हॅमंड त्यांच्याकडून घेत.

या वाद्याची रचना समजण्यास अवघड नाही. पोलादाचे एक छोटे चाक असते आणि त्याच्या कडेला उंचवटे असतात. चाकाजवळ चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. चाक फिरताना प्रत्येक उंचवटा चुंबकासमोरून जातो आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाहाची एक लहर उमटते. उंचवटे अधिक असतील किंवा चाक वेगाने फिरत असेल, तर लहरींची संख्या वाढते आणि स्वर चढतो. अशी एक्क्याण्णव चाके एका सिंक्रोनस मोटरवर फिरतात. वादक पट्टी दाबतो तेव्हा संबंधित चाकांचे प्रवाह एकत्र होऊन ध्वनिवर्धकाकडे जातात. मूळ स्वरात त्याचे उपस्वर कितपत मिसळायचे, हे ओढून कमीजास्त करता येणाऱ्या दांड्यांनी ठरविता येते. त्यामुळे एकाच वाद्यातून बासरीसारखा कोवळा आणि तुतारीसारखा कर्कश असे दोन्ही आवाज काढता येतात. वाद्य बेसूर होण्याची भीती नाही, कारण स्वर जुळविलेला असतो तो वीजकेंद्राशी.

मराठी रसिकांना ऑर्गन हे वाद्य संगीत नाटकांमुळे परिचित आहे. पायाने भाता हलवून पट्ट्यांमधून हवा सोडणाऱ्या त्या पायपेटीत वाऱ्याने पितळी जिभा थरथरतात. हॅमंड यांच्या वाद्यात हवेचा संबंधच नव्हता. अमेरिकेतील साठ आवर्तनांवर बांधलेले हे वाद्य पन्नास आवर्तनांवर चालविले, तर त्याची सर्व चाके एकषष्ठांशाने मंदावतील आणि षड्जाची पट्टी दाबल्यावर ऐकू येईल तो मंद्र सप्तकातील शुद्ध धैवत. म्हणूनच पन्नास आवर्तनांच्या देशांसाठी या वाद्याची वेगळी रचना करावी लागली.

हॅमंड यांनी १९ जानेवारी १९३४ रोजी या वाद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. हे पेटंट मिळाल्यास शिकागोतील बेकार कामगारांना काम मिळेल, ही बाब अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणण्यात आली. एरवी पेटंटसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. येथे २४ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आसपास, ते मंजूर झाले. वाद्याचे जाहीर प्रदर्शन १५ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील औद्योगिक कला प्रदर्शनात झाले. पहिल्या ग्राहकांमध्ये उद्योगपती हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांचा समावेश होता. पाइप ऑर्गन परवडत नसलेल्या लहान चर्चनी हे वाद्य मोठ्या संख्येने खरेदी केले.

पाइप ऑर्गनच्या उत्पादकांना हे मानवणारे नव्हते. हॅमंड कंपनीच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत, अशी तक्रार अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे गेली. खरा ऑर्गन आणि विजेचा ऑर्गन यांतील फरक कानांना ओळखता येतो किंवा नाही, हे पाहण्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दोन्ही वाद्ये श्रोत्यांच्या नजरेआड वाजविण्यात आली. अनेक श्रोत्यांची, त्यांत जाणकारांचीही, वेळोवेळी फसगत झाली. अखेर १९३८ मध्ये आयोगाने जाहिरातींतील काही दावे थांबविण्याचा आदेश दिला. तथापि या वादाने कंपनीचे नुकसान होण्याऐवजी तिला प्रसिद्धीच मिळाली. घड्याळाचा व्यवसाय मागे पडला आणि कंपनीच्या नावातील घड्याळाची जागा १९३७ मध्ये वाद्याने घेतली.

फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १९४० मध्ये हॅमंड यांना जॉन प्राइस वेदरिल पदक प्रदान केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा कारखाना लष्करी कामाकडे वळला आणि हॅमंड यांनी अस्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणांवर काम केले.

हॅमंड हे आग्रही स्वभावाचे होते, हे लेस्ली प्रकरणावरून दिसते. डोनाल्ड लेस्ली या तंत्रज्ञाने १९४०च्या दशकाच्या आरंभी फिरत्या शिंगाचा ध्वनिक्षेपक तयार केला. त्यातून बाहेर पडणारा हॅमंड ऑर्गनचा आवाज कंप पावत सभागृहभर फिरे. वादकांना तो अतिशय आवडला. हॅमंड यांना मात्र आवडला नाही आणि त्यांच्या कंपनीने तो स्वीकारला नाही. पुढील पिढ्यांच्या कानांत हॅमंड ऑर्गनचा म्हणून जो आवाज बसला आहे तो बहुतांशी लेस्ली यांच्या पेटीतून आलेला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिसंगीत, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातील जिमी स्मिथ यांचे जॅझ वादन आणि त्यानंतरचे रॉक संगीत यांत हे वाद्य ज्या रीतीने वाजले, तिचा विचार त्याच्या निर्मात्याने केलेला नव्हता.

कंपनीचे अध्यक्षपद हॅमंड यांनी १९५५ मध्ये सोडले आणि १९६० मध्ये ते संचालक मंडळाच्या प्रमुखपदावरूनही निवृत्त झाले. तोवर त्यांच्या नावावर नव्वद पेटंट होती. निवृत्तीनंतर त्यांत आणखी भर पडली. कनेक्टिकट राज्यातील कॉर्नवॉल येथे जुलै १९७३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फिरत्या चाकांच्या ऑर्गनचे उत्पादन दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये थांबले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा साइट प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांमध्ये वर्षभर चाललेल्या या प्रयोगात रायपूरच्या परिसरातील गावांचाही समावेश होता. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या या गावांत अनेकांनी दूरचित्रवाणीचा पडदा प्रथमच पाहिला, तो याच प्रयोगामुळे.

झडपेची कल्पना हॅमंड यांच्या पश्चात पुन्हा वर आली. १९८४ मध्ये अमेरिकेत व्हेक्ट्रेक्स या घरगुती व्हिडिओ खेळासाठी निघालेल्या चष्म्यात मोटरवर फिरणारी चकती होती. टेलीव्ह्यूची ती लहानशी आवृत्तीच म्हणावी लागेल. १९८७ मध्ये जपानी कंपन्यांनी आपल्या व्हिडिओ खेळांसाठी द्रव स्फटिकांचे चष्मे आणले. विद्युतदाब बदलताच द्रव स्फटिकाचा पातळ थर काळा होतो किंवा पारदर्शक होतो. फिरती चकती गेली, मोटर गेली, घरघर गेली. २०१० च्या दूरचित्रवाणी संचांनी हेच तंत्र घेतले. पडदा सेकंदाला १२० प्रतिमा दाखवी, त्यांतील साठ एका डोळ्याला आणि साठ दुसऱ्या डोळ्याला. संच आणि चष्मा यांचा ताळमेळ अवरक्त किरणांनी किंवा रेडिओ लहरींनी राखला जाई. हॅमंड यांनी हेच काम वीजवाहिनीवर सोपविले होते.

जुन्या अडचणीही नव्या रूपात परतल्या. प्रत्येक डोळा निम्मा वेळ झाकलेला राहत असल्याने चित्र काळवंडलेले दिसे. झडप किंचित चुकली, तर एका डोळ्याची प्रतिमा दुसऱ्या डोळ्यात झिरपून कडा दुहेरी दिसत. एका कंपनीचा चष्मा दुसऱ्या कंपनीच्या संचाला चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी काही उत्पादकांनी २०११ मध्ये समान मानक ठरविले. चष्मा महाग होता आणि घरात माणसे चार-पाच असत. पाहुणे आले की प्रश्न अधिकच बिकट होई. आणि दाखविण्यासाठी कार्यक्रम थोडे. मराठीतील पहिला त्रिमितीय चित्रपट ‘झपाटलेला २’ हा २०१३ मध्ये प्रदर्शित झाला, तो चित्रपटगृहांसाठी. सॅमसंगने २०१६ मध्ये आणि सोनी व एलजी या कंपन्यांनी २०१७ मध्ये त्रिमितीय दूरचित्रवाणी संचांची निर्मिती थांबविली. सेल्विन थिएटरच्या वेळी जो हिशेब जुळला नव्हता, तो घरगुती बाजारातही जुळला नाही. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे तयार करणाऱ्यांच्या टेबलांवर मात्र झडपेचे चष्मे टिकून राहिले, कारण तेथे जमिनीची उंचसखलता डोळ्यांनी मोजणे हेच काम असते.

सेल्विन थिएटरची वास्तू न्यूयॉर्कमध्ये आजही उभी आहे. २००० मध्ये तिला एका विमान कंपनीचे नाव मिळाले आणि २०२४ मध्ये ते बदलून टॉड हेम्स थिएटर असे करण्यात आले. तेथे आता नाटके होतात.